ठळक अक्षरातली मोकळी जागा

मराठी पाट्यांचा प्रश्न महाराष्ट्रात कायद्याने निकालात निघाल्यासारखा दिसतो. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी लावणं सक्तीचं झालं. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, हेही त्यात आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि बऱ्याच पाट्या बदलल्या. पण कायदा अक्षराचं माप ठरवून देऊ शकतो. ते अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल का, हे त्याच्या हातात नसतं. ते अक्षराच्या घडणीवर ठरतं. मोठं लिहायचं म्हणजे जाड लिहायचं, एवढंच आपण धरून चालतो. जाड अक्षर वाचकाला आपलंसं वाटावं यासाठी काय करावं लागतं, याचा विचार मात्र फार थोड्यांनी केला आहे. ज्यांनी केला त्यांच्यात मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बलू’ हा फॉन्ट मला सर्वांत बोलका वाटतो. अक्षराचा स्नेहाळपणा त्याच्या गोल कोपऱ्यांवर थोडा आणि त्याच्या पोटातल्या मोकळ्या जागेवर जास्त अवलंबून असतो, ही गोष्ट या फॉन्टवरून नीट समजते.

आधी अडचण काय आहे ते पाहू. ‘ड्रायफ्रूट्स’ हा बाजारातला रोजचा शब्द घ्या. शेजारी हाच शब्द रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत लिहिलेला असेल, तर तिथे सगळी अक्षरं एका उंचीची असतात. वर मात्रा नाही, खाली उकार नाही. पाटीची जेवढी उंची तेवढी अक्षराची. देवनागरीत ‘ड्र’च्या पायाशी रकाराच्या दोन तिरप्या रेघा येतात. ‘फ्रू’मध्ये दांड्याला चिकटलेला रकार आणि त्याच्याही खाली दीर्घ ऊकार. ‘ट्स’मधल्या ट्‌चा पाय मोडायचा. याच दुकानाला लागून ‘ज्वेलर्स’ असेल तर वरच्या बाजूला मात्रा आणि रफार. म्हणजे शिरोरेखेपासून पायापर्यंतचा अक्षराचा जो मुख्य देह, त्याला पाटीच्या उंचीतला एक तुकडाच मिळतो. बाकीची उंची वरखालच्या खुणांत खर्च होते. दोन्ही लिपींना सारखी उंची दिली तरी मराठी मजकूर बारीक आणि दुबळा दिसतो तो यामुळे. मग पाटी करणारा साहजिकच संगणकावरचं ‘बोल्ड’ हे बटण दाबतो. फॉन्टला स्वतःची ठळक आवृत्ती नसेल, तर संगणक अक्षराची कड चहूबाजूंनी सारखी फुगवून देतो. बाहेरून अक्षर भरदार होतं आणि आतून गुदमरतं. क चं पोट बुजतं, ध ची गाठ मिटते, ‘फ्रू’चा रकार आणि ऊकार एकमेकांत विरघळतात. जवळ उभं राहून अंदाजाने वाचता येतं. बसच्या खिडकीतून मात्र नुसता काळा पट्टा दिसतो.

ठळक अक्षराचा जन्मच मुळी ओरडण्यासाठी झाला आहे. युरोपातली पुस्तकं साडेतीनशे वर्षं बिनठळक टाइपात छापली जात होती. खास जाडजूड टाइप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लंडनमधल्या भिंतीवरच्या जाहिरातींसाठी. त्याच सुमारास, १८१६ मध्ये, विल्यम कॅस्लन चौथा या टाइप ओतणाऱ्याने आपल्या नमुना-पुस्तकात सॅन्स-सेरिफ टाइप दाखवला, तोही फक्त मोठ्या लिपीचा. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकांना असलेल्या बारीक आडव्या शेपट्या. त्या काढून टाकल्या की उरतो तो सॅन्स-सेरिफ. देवनागरीला अशा शेपट्या कधी नव्हत्याच. आपल्या अक्षराची जुनी ओळख बोरूच्या तिरक्या कापातून आली आहे : एका दिशेची रेघ जाड, दुसऱ्या दिशेची बारीक, टोकं तिरपी छाटलेली. म्हणून देवनागरीत सॅन्स-सेरिफसारखं अक्षर करायचं म्हणजे बोरूचा तो जाडबारीकपणा काढून रेघ जवळजवळ एकसारखी ठेवायची. रोमनमध्ये अशा अक्षरांना मवाळ करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात बरेच झाले. फोक्सवागन कंपनीसाठी १९७९ मध्ये केलेला ‘व्हॅग राउंडेड’ हा त्यातला प्रसिद्ध. टोकं पूर्ण गोल असलेला हा टाइप पुढे अनेक वर्षं ॲपलच्या कीबोर्डवर होता. देवनागरीत हे काम कितीतरी अवघड आहे. कारण रोमनमध्ये बावन्न अक्षरं, आकडे आणि चिन्हं सांभाळली की बराचसा पल्ला गाठला जातो. देवनागरीत जोडाक्षरं, अर्धी अक्षरं आणि मात्रांच्या जोड्या धरून काहीशे आकृत्या काढाव्या लागतात, आणि त्यातली प्रत्येक जाड करताना नवी अडचण उभी राहते.

‘बलू’ २०१६ मध्ये गूगल फॉन्ट्सवर आला. नाव ‘जंगल बुक’मधल्या अस्वलाचं. त्या अस्वलाचा जनक रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. त्याचे वडील तिथे शिकवत. ज्या आवारातून पुढे मराठी सुलेखनाच्या आणि अक्षररचनेच्या कितीतरी पिढ्या घडल्या, तिथलंच हे नाव एका अक्षरकुटुंबाला मिळावं, हा योगायोग मला फार आवडतो. देवनागरीची आखणी सारंग कुलकर्णी यांची. पण बलू एकटा नाही. गुजरातीत तो ‘बलू भाई’ आहे, बंगालीत ‘बलू दा’, गुरुमुखीत ‘बलू पाजी’, तमिळमध्ये ‘बलू तंबी’, तेलुगूत ‘बलू तम्मुडू’, कन्नडमध्ये ‘बलू तम्मा’, मल्याळममध्ये ‘बलू चेट्टन’, ओडियात ‘बलू भैना’ आणि उर्दूसाठी ‘बलू भाईजान’. प्रत्येक लिपीवर वेगवेगळ्या आखणीकारांनी काम केलं आणि प्रत्येक फॉन्टमध्ये त्या लिपीच्या जोडीला रोमन अक्षरंही दिली. सुरुवातीला वजन, म्हणजे रेघेची जाडी, एकच होतं, चांगलं जाडजूड. नंतरच्या ‘बलू २’मध्ये साध्या वजनापासून अतिठळकापर्यंत पाच वजनं आली.

या फॉन्टकडे पहिल्यांदा पाहणारा ‘गोलमटोल’ असं म्हणतो, आणि ते खरंही आहे. कोपरे मवाळ आहेत, रेघ भरीव आहे, रोमन एन आणि यू या छोट्या अक्षरांना दांड्यापासून बाहेर डोकावणारं टोकच नाही. वळण सरळ दांड्यात मिसळतं. माणसाला टोकदार वस्तूंपेक्षा वळणदार वस्तू अधिक भावतात, असं मोशे बार आणि माइटल नेटा या संशोधकांना २००६ मधल्या त्यांच्या प्रयोगात आढळलं होतं. अक्षरांच्या बाबतीतही असं काही घडत असेल हे मानायला हरकत नाही. पण तेवढ्याने भागत असतं तर काम सोपं झालं असतं. कुठलंही जाड अक्षर घेऊन संगणकावर त्याचे कोपरे घासून गोल करता येतात. तसं केलेलं अक्षर वितळल्यासारखं दिसतं; त्याच्याशी मैत्री व्हावी असं काही वाटत नाही, कारण आतली घुसमट तशीच राहिलेली असते. बलूच्या ठळक वजनातला क बघा. डावीकडचं पोट आणि उजवीकडची लटकणारी रेघ मधल्या दांड्याला जिथे भेटतात, तिथे तीन जाड रेघा एका जागी येतात. एसटीच्या तिघांच्या बाकावर पाच जण बसावेत तशी ती जागा. चांगला आखणीकार तिथे रेघ हलकेच बारीक करतो, पोट किंचित रुंद करतो, अक्षराला दोन्ही बाजूंनी थोडी जास्त जागा देतो. डोळ्याला रेघ सारखीच जाड वाटते. पट्टी लावून मोजली तर ती जागोजागी वेगळी भरते. शिरोरेखेचंही तसंच. आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड काढली तर ती डोळ्याला जास्त जाड दिसते, म्हणून ठळक अक्षरात ती दांड्यापेक्षा थोडी कमी ठेवावी लागते. नाहीतर सगळा शब्द डोक्यावर ओझं घेऊन चालल्यासारखा दिसतो. या शेकडो बारीक तडजोडींतून अक्षराच्या आत पांढरी जागा उरते, आणि वाचक अक्षर ओळखतो ते काळ्या रेघेइतकंच त्या पांढऱ्या जागेवरून. आपण ज्याला स्नेहाळपणा म्हणतो तो माझ्या मते मुख्यतः हाच : वाचकाला कष्ट पडू नयेत याची आधीच घेतलेली काळजी.

याचा पुरावा त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका फॉन्टमध्ये सापडतो. ‘मोदक’ हा बलूपेक्षाही लठ्ठ. इतका, की अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या केसाएवढ्या रेघा होऊन उरल्या आहेत. गोलाईच मोजायची तर मोदक सरस ठरेल. तो देखणा आहे, खेळकर आहे, आणि मिठाईच्या खोक्यावर किंवा नाटकाच्या जाहिरातीत चार अक्षरांसाठी अप्रतिम. पण त्यात एक पूर्ण वाक्य लिहा आणि आकार लहान करा. त्या केसाएवढ्या पोकळ्या मिटतात आणि वाचणं थांबतं. उलट बलूमध्ये तेच वाक्य बऱ्याच लहान आकारापर्यंत टिकतं. गोलाई दोघांत आहे; फरक पोकळीत आहे. आणि दुसऱ्या टोकाला त्याच संस्थेचा ‘मुक्त’ ठेवा. तो सडपातळ, पानभर मजकुरासाठी केलेला. त्यात गोलमटोलपणा नाही, तरी तो रुक्ष किंवा दरडावणारा वाटत नाही, कारण अक्षरांच्या आत-बाहेर भरपूर हवा आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की असं अक्षर पोरकट दिसतं. बालवाडीच्या भिंतीवर ठीक, गंभीर कामाला नको. यात तथ्य आहे. न्यायालयाची नोटीस किंवा शोकसंदेश बलूमध्ये छापू नये, कारण तिथे वाचकाला वेगळा सूर अपेक्षित असतो आणि तो मोडणं त्याचा अवमान ठरतं. पण मऊ अक्षर म्हणजे पोरकट अक्षर, हा नियम नाही. जपानमध्ये रेल्वे स्थानकांच्या नावाच्या पाट्यांवर गोल टोकांची अक्षरं दीर्घकाळ वापरात आहेत, आणि तिथली रेल्वे शिस्तीसाठी जगात वाखाणली जाते. अवघड, अनेक रेघांची कांजी अक्षरं ठळक करताना तिथल्या कारागिरांना आपल्यासारखीच अडचण आली असणार. आपल्याकडे सरकारी रुग्णालयातल्या सूचना, लसीकरणाची माहिती, पूर आल्यावर कुठे जायचं हे सांगणारे फलक, हे सगळं आज बहुधा दरडावणाऱ्या अक्षरांत लिहिलं जातं. घाबरलेल्या, अर्धशिक्षित, घाईत असलेल्या माणसाने ते वाचायचं असतं. तिथे ठळक आणि तरी मोकळं अक्षर हीच गंभीर निवड आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो अक्षरांवर खरं प्रेम करणाऱ्यांकडून येतो. देवनागरीचा आत्मा बोरूच्या कापात आहे. तो काढून एकसारखी रेघ केली की आपलं अक्षर रोमनच्या साच्यात बसवल्यासारखं होतं, आणि दहा लिपी एकाच वळणावर आणल्या की त्यांचं वेगळेपण पुसलं जातं. हा आक्षेप सगळ्या लिपींना सारखा लागू पडत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ओडिया, तेलुगू, मल्याळम या लिपी ताडपत्रावर टोकदार लेखणीने कोरल्या जात आणि त्यांची गोलाई त्यातूनच आली असं मानलं जातं. त्यांच्यासाठी एकसारखी गोल रेघ ही घरचीच गोष्ट आहे. प्रश्न उरतो तो देवनागरी, बंगाली अशा लिपींचा. तिथेही मला वाटतं, आपण एक परंपरा विसरतो आहोत. मराठी मूल पहिलं अक्षर बोरूने काढत नाही. पाटीवर पेन्सिलीने काढतं, शिक्षक फळ्यावर खडूने काढतात, आणि या दोन्हींतून उमटणारी रेघ सगळीकडे सारखी जाड आणि टोकाला गोलसर असते. त्याआधी दप्तरांतली मोडी बोरूनेच लिहिली जात असली, तरी हात न उचलता लिहिण्याच्या गरजेतून ती वळणदार झाली होती. तेव्हा एकसारख्या गोल रेघेची देवनागरी आपण कोणाकडून उसनी आणलेली नाही. शाळेच्या पहिल्या वर्षात ती प्रत्येकाच्या हाताखालून गेलेली असते. बोरूचं वळण जिथे शोभतं तिथे ते राहायलाच हवं, ग्रंथांच्या पानांत, मुखपृष्ठांवर, लग्नपत्रिकांत. त्याने भिंतीवरचं आणि फलकावरचं कामही एकट्याने करावं, असा हट्ट मात्र नको.

या आक्षेपाचा एक भाग मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. अनेक लिपींचं कुटुंब करताना मराठीच्या खास गरजा मागे पडू शकतात. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीतल्या रूपांहून वेगळे आहेत. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही हीच रूपं वापरावीत असं म्हटलं आहे. ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र, ‘ॲ’ची टोपी आणि ळ ही तर आपली नेहमीची अक्षरं. फॉन्टच्या आत दोन्ही रूपं ठेवून मजकुराची भाषा मराठी आहे असं संगणकाला सांगितल्यावर योग्य रूप आपोआप उमटावं, अशी सोय आजच्या तंत्रात आहे. ती प्रत्येक ठळक फॉन्टमध्ये असायला हवी आणि पाटीवाल्याला ठाऊकही असायला हवी. पाकळीचा ल जाड करणं कठीण असतं, कारण दोन पाकळ्यांच्या मधली जागा झटकन भरते. पण कठीण आहे म्हणून हिंदी रूप चालवून घेणं, ही मराठी वाचकाच्या बाबतीतली कुचराई आहे.

तिसरा आक्षेप फुकटपणाचा. बलू खुल्या परवान्याखाली आहे. कोणीही तो विनामूल्य वापरू शकतो, व्यवसायासाठीही, आणि त्यात बदलही करू शकतो. त्यामुळे चहाच्या टपरीपासून मोबाइलच्या ॲपपर्यंत सगळं एकाच चेहऱ्याचं होईल आणि हाताने अक्षरं काढणाऱ्यांचं काम जाईल, असं म्हटलं जातं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या आणि नियतकालिकांच्या शीर्षकांसाठी जे केलं, ते कोणताही फॉन्ट करू शकणार नाही. प्रत्येक नाटकाचा स्वभाव त्यांनी त्या नाटकाच्या अक्षरांत आणला. फॉन्टमधला क दर वेळी तोच क असतो. ही उणीव खरी आहे आणि ती कायम राहील. म्हणून ज्याला आपल्या दुकानाची किंवा पुस्तकाची ओळख हवी आहे त्याने अक्षरकाराकडे जावं, त्याला योग्य मोबदला द्यावा. पण पेंटरचं काम फॉन्टमुळे गेलं नाही. ते फ्लेक्सच्या छपाईमुळे गेलं, बलूसारखे खुले फॉन्ट येण्याच्या कितीतरी आधी. फ्लेक्स आता राहणारच असेल तर त्यावर फुगवलेली, बुजलेली अक्षरं असावीत की विचारपूर्वक घडवलेली, एवढाच प्रश्न शिल्लक आहे. आणि ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची शाळा, बचत गट यांना परवान्याचे पैसे भरून फॉन्ट घेणं जमणार नाही. त्यांच्यासाठी चांगलं अक्षर फुकट असणं ही मोठी सोय आहे.

वापराबद्दल थोडं. बलूसारखं अक्षर शीर्षकाचं, पाटीचं, पाकिटावरच्या नावाचं, बटणावरच्या एका शब्दाचं, लहान मुलांच्या पुस्तकातल्या एका-दोन ओळींचं आहे. सबंध परिच्छेद अतिठळक वजनात लावला तर डोळा थकतो, कारण मग सगळंच महत्त्वाचं आहे असं सांगितल्यासारखं होतं. शीर्षक बलूमध्ये आणि खालचा मजकूर मुक्तसारख्या हलक्या फॉन्टमध्ये, ही जोडी चांगली जमते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर एक वजन कमी घ्यावं. उजेडातली पांढरी रेघ आहे त्याहून जाड दिसते. अक्षरं आडवी ताणून किंवा दाबून जागेत बसवू नयेत. तसं केलं की आखणीकाराने कष्टाने राखलेलं पोकळ्यांचं गणित क्षणात बिघडतं. जागा कमी असेल तर शब्द कमी करावेत किंवा आकार लहान करावा.

तुम्ही पुढची पाटी, फलक किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचा बॅनर छापायला द्याल तेव्हा डीटीपीवाल्याला एक काम सांगा. निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘क्ष ज्ञ द्ध ष्ट्र फ्रू ऱ्या ल श’ एवढी अक्षरं खऱ्या आकारात कागदावर छापून मागा, तो कागद भिंतीला लावा आणि रस्ता ओलांडून पलीकडून पाहा. एखादं अक्षर बुजलेलं दिसलं, तर तो फॉन्ट परत करा आणि दुसरा मागा.